मधली खूण

पंचेचाळीस मीटरचा दोर,
दुमडला की साडेबावीस.
एवढंच गणित.
पण फांदीवर पोचलेल्या माणसाला गणित सुचत नाही,
त्याला खूण लागते.

पहिल्या वर्षी ती मी मार्करनं काढली होती,
खोक्यांवर पत्ते लिहितात त्या जाड, काळ्या.
रुझारनं दोर हातात घेतला, हुंगला,
आणि माटुंग्याच्या त्या थोरल्या पर्जन्यवृक्षाखाली
चढायचं नाकारलं.
"शाई आत जाते. आत जाऊन काय करते,
दिसतं का तुला?"
नव्हतं दिसत.
रस्त्यावरच्या गाड्या हटवून झाल्या होत्या,
मुकादम ओरडत होता,
सोसायटीचे सेक्रेटरी सारखे मनगट बघत होते.
रुझार बुटाची नाडी सोडून
कट्ट्यावर बसून राहिला.

रात्री ट्रॉम्ब्याला, घरी, आईला सांगितलं.
काही न बोलता तिनं बिस्किटांचा जुना डबा काढला:
जाळ्याची सुई, मेणाचा खडा, लाल सूत.
दोराभोवती घट्ट वेढे घेतले, एकाला एक लागून,
आणि सुई वेढ्यांखालून काढली,
दोरातून नाही.
टोकांना एकेक पट्टा. मध्यावर दोन.
"डोले मिटून बघ," म्हणाली,
"बोटांना मोजता आलं पायजे."

तेव्हापासून दोर माझ्याकडे.
वर तो जातो, खाली मी असते.
रविवारी टबात गार पाणी,
दुपट्याला लावतात तो मऊ साबण,
पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही,
पडवीतल्या सावलीत नुसता सैल सोडायचा.
शेजारच्या चंद्रिकाबाईंनी एकदा
त्यावर परकर वाळत घातला. मी काढला.
आठवडाभर त्यांनी मला मीठसुद्धा मागितलं नाही.
भाऊ एकदा ओलांडताना चुकून तुडवून गेला,
त्याच्यावर मी एवढी ओरडले की आई हसली.
हसू दे.
तळव्याखालचा वाळूचा एक कण आत शिरतो
आणि आत बसून कातरत राहतो,
कुणाला न कळता.

मग सुकल्यावर, लिखा बघाव्यात तसा
इंच इंच बोटांतून काढायचा.
कुठे कडक झालाय, कुठे चकाकतोय,
कुठे दाबला की जास्तच ऐकतोय.
वहीत तारीख.

एकदा, नोव्हेंबरात, उजेड संपत आला होता.
खालून मला एकच टोक दिसत होतं, जमिनीवर.
दुसरं करवंदीच्या कुंपणात गेलंय, असं मी धरून चाललेले.
वर रुझार खाली यायला निघाला, आणि थांबला.
बेचक्यात त्याचा अंगठा चाचपत होता:
एक पट्टा... दुसरा...
बेचक्यापासून दोन हात सरकलेले.
दुसरं टोक कुंपणात नव्हतं, हवेतच होतं.
त्यानं दोर ओढून सारखा केला
आणि उतरला. पाणी मागितलं.
काहीच झालं नाही.
हे मी मुद्दाम लिहून ठेवते,
कारण न झालेल्या गोष्टीची
कुणी वहीत नोंद करत नाही.

या मार्चात अकराव्या मीटरला बोट बुडालं.
वरून सगळं नीट, आत काहीतरी बसलेलं.
गल्लीतली पोरं मागे लागली, ताई, झोपाळ्याला द्या ना.
नाही.
माणसाचं वजन आता याच्यावर नाही.
कोयत्यानं हात-हातभर तुकडे केले,
कुणालाच पुन्हा मोह होऊ नये एवढे.
मामानं होडीला लावायला चार नेले.
चंद्रिकाबाईंनी तीन जोडून परकराची दोरी केली,
आणि त्या संध्याकाळी मीठ मागायला आल्या.
दोन लाल पट्ट्यांचा तुकडा
डब्यात आहे.

नवा दोर आलाय, पांढरा, अजून कुठल्याच झाडाचा वास नसलेला.
टोकं जुळवून मी मध्य काढलाय,
चिमटीत धरलाय.
आईला आता सुईचं नाक दिसत नाही,
ती मी ओवते.
वेढे मात्र तीच घेते, मान वर करून,
समोर भिंतीकडे बघत.
"दोनच ना?"
"दोनच."